बरी असेन तर टॉवेल

आजारी माणसाला आपण आजारी आहोत अशी खूण करता येत नाही, हा माझ्या योजनेचा पाया होता. पाया अजूनही पक्का आहे, हे मी कधीही, कुणालाही फळ्यावर सिद्ध करून दाखवीन. कोसळलं ते वरचं बांधकाम, आणि तेही नेमकं माझ्या अंगावर.

मी चिंतामणी. लोणावळ्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. माझ्या सासूबाई, म्हणजे माई, पवनानगरला एकट्या राहतात. तिथल्या प्राथमिक शाळेत त्यांनी सबंध नोकरी केली, निवृत्त झाल्या आणि तिथंच राहिल्या. वय ऐंशीच्या पुढे. आजूबाजूच्या चार वाड्यांमधली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे सगळे त्यांना 'बाई' म्हणतात आणि अजूनही घाबरतात. मीही घाबरतो, फक्त माझं लग्न त्यांच्या मुलीशी झालेलं असल्यामुळे मला ते दाखवता येत नाही.

तर या माई न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण उठताही येईना, म्हणून तिथंच भिंतीला टेकून बसून राहिल्या. शेजारच्या धोंडाबाई दुपारी ताक द्यायला आल्या तेव्हा सापडल्या. हे आम्हाला कळलं बऱ्याच दिवसांनी, तेही कामशेतच्या बाजारात, धोंडाबाईंकडूनच, कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता. शैला, म्हणजे माझी बायको, तिथंच रडायला लागली. भाजीवालीला वाटलं भाव ऐकून रडतेय, तिने लगेच एक जुडी वर टाकली.

त्या दिवसापासून आमच्या घरातली झोप उडाली. शैला म्हणाली, आईला लोणावळ्याला आणायचं. माई म्हणाल्या, मी येणार नाही, तुमच्याकडे खिडकी उघडली की समोरच्यांचा टीव्ही दिसतो. शैला म्हणाली, मग रोज सकाळी फोन करीन. माई म्हणाल्या, "रोज सकाळी मी मेले का ते विचारायला? नाही उचलणार." आणि खरंच उचलत नव्हत्या. पावसाळी हवेत फोन खराब होतो म्हणून तो त्यांनी रव्याच्या स्टीलच्या डब्यात ठेवला होता. त्या डब्यात रवा सुरेख टिकतो, रेंज मात्र येत नाही.

इथं मी मध्ये पडलो. पडायला नको होतं. पण गेली तीस वर्षं मी ज्या विषयावर पोट भरतोय त्याचा घराला एकदा तरी उपयोग व्हावा, असं मला फार वाटत होतं. मी म्हटलं, माईंनी फोन घेऊ नये, इकडे येऊही नये. त्यांनी रोज सकाळी बाहेरून दिसेल अशी एक खूण करावी, बस्स.

ही बातमी आमच्या मजल्यावर पसरायला जिना उतरण्याइतकाही वेळ लागला नाही. शेजारचा निलेश म्हणाला, "सर, खूण कसली करताय, मनगटात घड्याळ बांधा. नाडी चुकली की थेट दवाखान्यात फोन." त्याच्या वडिलांना त्याने बांधलं होतं. ते भजनात टाळ्या वाजवायला लागले आणि आरतीच्या आधी दारात अॅम्ब्युलन्स आली. खालच्या मजल्यावरचे सखारामभाऊ म्हणाले, कुत्रा पाळा. घरकामाला येणाऱ्या शकुबाई म्हणाल्या, "साहेब, म्हाताऱ्या माणसाला खुणा कसल्या करायला लावताय, तुमीच जाऊन ऱ्हावा की तितं." ती सगळ्यांत शहाणी सूचना होती हे लक्षात यायला मला पुढचा सगळा मनस्ताप व्हावा लागला.

मी आधी माईंच्या घरापुढच्या ओट्यावर एक दिवा लावायचं ठरवलं. माई बऱ्या असतील तर सकाळी दिवा लावतील. पण ओट्यावर पॉइंट नव्हता. वायरमन म्हणाला, मीटरच जुना आहे, तो बदलल्याशिवाय मी हात लावणार नाही. मीटर निघाला माझ्या सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे जाऊन बारा वर्षं झालेली. वीज कार्यालयातला माणूस म्हणाला, "मीटरधारक स्वतः हजर असतील तर काम होईल."

"ते वारले आहेत," मी म्हटलं.

"मग नाव बदलून घ्या."

"त्यासाठी काय लागेल?"

"मीटरधारकांची संमती."

काम होत नाही, म्हणजे मीटरधारक हजर नाहीत, इथपर्यंत त्याचं तर्कशास्त्र निर्दोष होतं. मी त्याला तसं म्हणालोही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावली.

दिवा बारगळला आणि टॉवेल आला. माईंच्या ओट्यापुढे कपडे वाळत घालायची दांडी आहे आणि ती रस्त्यावरून स्वच्छ दिसते. त्याच रस्त्याने अमृतची जीप रोज सकाळी पवनानगरहून लोणावळ्याला माणसं घेऊन येते. अमृत माईंचा विद्यार्थी. त्याने जाता जाता दांडीकडे बघायचं आणि दुधिवरे खिंडीत गाडी थांबली की मला फोन करायचा. शैलाने दिवाळीला दिलेला पिवळाधमक टॉवेल माईंनी कधी वापरला नव्हता, तो बाहेर काढला. मी माईंसमोर बसून नियम समजावला.

"माई, तुम्ही बऱ्या असाल तर सकाळी दांडीवर टॉवेल टाकायचा. एवढंच."

"आणि बरी नसेन तर?"

"तेव्हाचं आम्ही बघू. टॉवेल दिसला नाही की आम्हाला कळेल, तुम्ही बऱ्या नाही. वाक्य उलटं फिरवायचं आणि दोन्हीकडे 'नाही' घालायचं, अर्थ तोच राहतो. याला कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणतात."

"चिंतामणराव," माई म्हणाल्या, "टॉवेल टाकायचा एवढं सांगा. त्याचं बारसं नंतर करा."

शैलाने मात्र अट घातली. खूण एकदा जरी चुकली तर आईने बॅग भरायची आणि लोणावळ्याला यायचं. माईंनी ओट्याकडे, पेरूच्या झाडाकडे, समोरच्या कोंडाजीच्या गोठ्याकडे एकदा पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. त्यांचं घर आता त्या टॉवेलवर टांगलेलं होतं, आणि दोरी मी बांधलेली होती.

सुरुवातीचे दिवस झकास गेले. सकाळी मी चहाचा कप हातात धरून फोनकडे बघत बसायचो, चहा निवायचा, मग फोन वाजायचा आणि अमृत म्हणायचा, "सर, टावेल हाय." मी शैलाला सांगायचो, "टॉवेल आहे." शैला देवाला हात जोडायची. मग मी निवलेला चहा प्यायचो आणि कॉलेजात जाऊन बारावीला तर्कशास्त्राचं प्रकरण शिकवायचो. या काळात मी स्टाफरूममध्ये या योजनेबद्दल जरा जास्तच बोललो असेन.

आणि एके दिवशी अमृत म्हणाला, "सर, टावेल न्हाई."

"नीट बघितलंस?"

"नीट म्हंजे? दांडी मोकळी हाय. गाडी हळू केल्ती म्या."

शैला चपला शोधू लागली. मी कोंडाजीला फोन लावला. कोंडाजी साठीचा माणूस, धोंडाबाईंचा नवरा, धावत माईंच्या दारात गेला. दार आतून बंद. हाका मारल्या, आवाज नाही.

"मास्तर, दार तोडू का?"

"तोडा," मी म्हटलं. माझ्या टॉवेलवर माझा इतका विश्वास होता.

कोंडाजीने पहार घातली. कडी तुटली, कोयंडा तुटला, चौकटीचा एक तुकडा निघाला. तोवर आळी गोळा झाली होती, कुणीतरी अॅम्ब्युलन्सला फोन करून टाकला होता. कोंडाजी आत शिरला आणि न्हाणीघराच्या बंद दारामागून आवाज आला, "कोण आहे रे?"

"मी कोंडाजी, बाई."

"आधी बाहेर उभा राहा!"

आणि कोंडाजी पाऊस सुरू असताना, छत्री नसताना, आत या म्हणेपर्यंत बाहेर उभा राहिला. माईंनी केस धुतले होते. त्यांचा रोजचा पंचा वाळला नव्हता, म्हणून त्यांनी तो पिवळा टॉवेल घेतला होता. आम्ही स्कूटरवरून भिजत पोचलो तेव्हा अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर ओट्यावर चहा पीत होता आणि माई तुटक्या दारात टॉवेल डोक्याला गुंडाळून उभ्या होत्या.

"मी बरी होते," त्या मला म्हणाल्या. "चांगली ठणठणीत होते. टॉवेल माझ्या डोक्याला होता."

मी सांगू लागलो की निष्कर्ष बरोबर होता, मूळ विधान पाळलं गेलं नाही, दोष तर्काचा नाही. आळीतल्या एकाही माणसाला यात रस नव्हता. गर्दीतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "लोणावळ्याचं जावई टावेल बगून दार फोडत्यात," आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी पहार जागेवर ठेवून आलो.

शैला बॅग भरायला निघाली. माई म्हणाल्या, खूण चुकलेली नाही, अमृतची जीप लवकर आली. अमृतनेही कबूल केलं की एका पॅसेंजरला रेल्वे गाठायची होती म्हणून तो लवकर निघाला. सकाळ अजून संपलेली नव्हती. मी माईंच्या बाजूने बोललो, कारण मला माईंची दया आली होती आणि माझी योजनाही वाचवायची होती. शैला म्हणाली, ठीक आहे, पण आता पुन्हा चुकलं तर मी कुणाचं ऐकणार नाही.

त्यानंतर टॉवेल एकदाही चुकला नाही. लख्ख ऊन असो, धुकं असो, अमृतचा फोन यायचा, "हाय." एकदा म्हणाला, "सर, आज निळा हाय." मी म्हटलं, रंगाची अट नव्हती. माझी छाती हळूहळू पुन्हा फुगू लागली. शैलाही जरा हसायला लागली होती. मी स्टाफरूममध्ये पुन्हा बोलू लागलो.

त्या शनिवारी सकाळी फोन आला तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता. अमृत म्हणाला, "टावेल हाय, सर. पार भिजून लोंबतोय बिचारा." मी म्हटलं, छान, आणि शनिवारचा जादा तास घ्यायला कॉलेजात गेलो.

तासाला मी माझं आवडतं उदाहरण घेतलं. 'तुम्ही लोणावळ्याच्या बाजारात असाल तर चिक्की दिसेल.' हे सत्य आहे. आमच्याकडे औषधाच्या दुकानातही काउंटरवर चिक्की असते. मग त्याचं दुसरं रूप लिहिलं: 'चिक्की दिसत नसेल तर तुम्ही लोणावळ्याच्या बाजारात नाही.' ही दोन्ही वाक्यं एकच. मग मी नेहमीप्रमाणे पोरांना फसवायला तिसरं वाक्य लिहिलं: 'चिक्की दिसली, म्हणजे तुम्ही लोणावळ्याच्या बाजारात आहात.' आणि त्यावर मोठी फुली मारली. "का चूक?" मी विचारलं. "कारण चिक्की हायवेवरच्या धाब्यावरही दिसते. ती तिथं कुणीही आणून ठेवू शकतं."

हे बोललो आणि खडू हातात तसाच राहिला.

कुणीही आणून ठेवू शकतं. शैला रोज सकाळी मला विचारायची, टॉवेल आहे, म्हणजे आई बरी आहे ना? आणि मी रोज म्हणायचो, हो. माझ्याच फळ्यावर माझ्याच हाताने फुली मारलेलं वाक्य मी रोज सकाळी बायकोला सांगत होतो. आणि माई, ज्या आभाळ भरून आलं की शेजाऱ्यांचेसुद्धा कपडे काढून आत टाकतात, त्या जीप जाईपुरता टॉवेल टाकायचा सोडून तो पार भिजेपर्यंत लोंबत ठेवतील? मी वर्गाला म्हटलं, "एवढं लिहून घ्या," आणि तसाच बाहेर पडलो. डस्टर काखेत राहिलं होतं, ते स्कूटरला किक मारताना खाली पडलं.

शनिवार, पाऊस आणि पवनेकडे जाणारा रस्ता. पुण्या-मुंबईच्या गाड्या एकामागे एक, खिडक्यांतून मुंडकी बाहेर, गाणी. पुढे पोलिसांनी अडथळा लावलेला. हवालदार म्हणाले, "पर्यटकांना बंदी आहे. मागे फिरा."

"मी पर्यटक नाही."

"सगळे तेच म्हणतात."

"माझ्या सासूबाई तिकडे आजारी आहेत."

"फोन आला का?"

"नाही."

"मग कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. टॉवेल आहे दांडीवर."

"टॉवेल असला म्हणजे आजारी?"

"नाही हो, टॉवेल असला म्हणजे बऱ्याच आहेत असं नाही!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी वर्दीतल्या माणसावर ओरडलो आणि माझा आवाज रडका आला. हवालदारांनी माझा खडूने माखलेला शर्ट पाहिला, मुठीतला खडूचा तुकडा पाहिला. "जावा, सर," ते म्हणाले, "हळू जावा."

त्या घाटात मी माईंना हजार वेळा मनात उचललं आणि हजार वेळा खाली ठेवलं. काय वाटत होतं ते सरळच सांगतो: मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीत निम्मी भीती शैलाला काय सांगायचं याची होती, याची मला लाजही वाटत होती.

दांडीवर टॉवेल होता. चिंब, जड, खालून पाणी गळणारा. नवीन कोयंड्याचं दार नुसतं लोटलेलं. आत माई गोधडीत होत्या, चेहरा तापाने लाल, आणि धोंडाबाई त्यांच्या कपाळावर ओली घडी ठेवत होत्या. मला पाहून त्या दचकून उभ्याच राहिल्या.

"म्या न्हाई, दाजी," त्या म्हणाल्या. "बाईंनी शप्पत घातली. म्हन्ल्या, टावेल तेवढा रोज टाकत जा, न्हाईतर मला न्येत्याल हितनं. लय ताप हाय वो. म्या रातीला हितंच निजते."

"कधीपासून?"

"निळा टाकला, त्या दिसापास्नं," धोंडाबाई म्हणाल्या. माईंनी डोळे मिटले. म्हणजे बरेच दिवस झाले होते.

मला रागावता येईना. मी स्टुलावर बसलो. माई डोळे न उघडता म्हणाल्या, "मी नियम मोडला नाही, चिंतामणराव. बरी असेन तर टॉवेल, एवढंच ठरलं होतं. बरी नसले तर टॉवेल टाकायचा नाही, असं तुम्ही कुठं म्हणाला होतात?"

नव्हतो म्हणालो. ऐंशीच्या पुढच्या, तापाने फणफणलेल्या बाईने माझ्या नियमातली फट शोधून काढली होती आणि त्या फटीतून आपलं घर वाचवायला बघत होती. त्यांचा हात गोधडीतून बाहेर आला आणि माझ्या मनगटावर पडला. हात भाजत होता.

"शैलाला सांगू नका. नेईल मला ती."

कोंडाजी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. त्यांनी तपासलं, छातीत कफ आहे म्हणाल्या, औषधं दिली, हलवायची घाई नको पण घरचं माणूस सोबत हवं, आणि ताप उतरला नाही तर मग दवाखाना. त्या गेल्यावर मी रव्याच्या डब्यातून माईंचा फोन काढला, कारण माझा भिजून बंद पडला होता, आणि पेरूच्या झाडाखाली रेंज शोधत शैलाला लावला.

"टॉवेल आहे," मी म्हटलं, "पण आई बरी नाही."

"असं कसं होईल? तुम्हीच म्हणाला होतात…"

"मी चुकीचं म्हणालो होतो," मी म्हटलं. पुढचं स्पष्टीकरण माझ्याकडे तयार होतं, चिक्कीसकट. पण फोन केव्हाच ठेवला गेला होता.

शैला अमृतच्या जीपमधून उतरली तेव्हा तिच्या हातात आमची सगळ्यांत मोठी बॅग होती. माईंनी ती दारातूनच पाहिली आणि भिंतीकडे तोंड केलं. "मी येणार नाही," त्या म्हणाल्या. आवाज शाळेतला काढायचा होता, पण निघाला नाही.

शैलाने बॅग जमिनीवर ठेवली, चेन उघडली आणि सामान काढायला लागली. तिचा गाऊन. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या. तिचा चष्मा, वाचायची पोथी, तिच्या उशीचा अभ्रा, कारण दुसऱ्या उशीवर तिला झोप लागत नाही. बॅग तळापर्यंत रिकामी झाली, आता तिच्यात माईंचे कपडे जातील असं मला वाटलं. तिने ती बॅग पलंगाखाली सरकवून दिली.

माई वळून बघत होत्या. "किती दिवस राहणारेस?"

"तू बरी झालीस तर जाईन," शैला म्हणाली आणि नाक पुसलं.

माईंनी माझ्याकडे पाहिलं. "चिंतामणराव, तुमच्या त्या उलट्या हिशेबाने सांगा. ही गेली, म्हणजे मी बरी झालेच, असं होतं का?"

"नाही माई. तसं नाही होत. उद्या कंटाळूनही जाईल."

"मग काय होतं?"

"ही जर गेली नाही," मी म्हटलं, "तर तुम्ही अजून बऱ्या झाला नाहीत."

माईंनी गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली. "मग मला बरं व्हायची काही घाई नाही," त्या म्हणाल्या.

शैला उशीला अभ्रा चढवत होती, ती पाठमोरी झाली आणि तोच अभ्रा पुन्हा काढून पुन्हा चढवू लागली. मला कुणालाच काही सिद्ध करून दाखवायचं उरलं नव्हतं. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.